पाठीवरचा वारा

गेल्या वर्षी जुलैत, आषाढीची गर्दी ओसरल्यावर, मी सोलापूरहून पंढरपूरला सायकलने गेलो. वय त्रेपन्न, सायकल साधी, अंतर सत्तरेक किलोमीटर. वारा नसला की मी तासाला वीस किलोमीटर जातो. साडेतीन तासांचा हिशेब धरून पहाटे निघालो आणि पोचायला सात तास लागले.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा घाट चढून येतो, आपला बहुतेक पाऊस तिकडेच टाकतो आणि आमच्या पठारावर कोरडाच धावत सुटतो. मोहोळ सोडले आणि तो थेट छातीवर आला. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा अडथळा चौपट होतो. अशा वेळी ‘जरा जोर लाव’ म्हणणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतलो, अडीच तासांत. वारा पडला आहे असेच वाटत होते. कालच्या मेहनतीने पाय चांगले तयार झाले, अशी मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग रस्त्याकडेच्या उसाकडे लक्ष गेले. सगळी पाती मी चाललो होतो त्याच दिशेला वाकलेली होती. वारा कालच्याइतकाच होता, फक्त तो आता माझ्या बाजूचा होता आणि म्हणून मला जाणवत नव्हता.

शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली नेमक्या याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केले. माणसाला आपल्या वाटेतले अडथळे पक्के आठवतात, मिळालेला आधार मात्र सहज विसरतो. आई-बाप आपल्याशीच जास्त कडक होते, या भावंडांच्या समजुतीचाही त्यांनी त्यात विचार केला आहे. ते वाचले आणि मला आपा आठवली.

आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि अभ्यासात माझ्याहून हुशार. सातवीनंतर तिची शाळा सुटली. अब्बांच्या यंत्रमागाच्या मजुरीत दोघांचे शिक्षण बसत नव्हते. ती अम्मीजवळ बसून बिड्या वळू लागली, हजारावर मजुरी. हायस्कूल लांब होते, म्हणून त्या मजुरीतून मला सायकल आली. पुढे मी शिक्षक झालो. एका सत्काराच्या भाषणात मी म्हणालो, ‘प्रतिकूल परिस्थितीत स्वतःच्या बळावर शिकलो.’ आपा मागच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, “तुझी ती पहिली सायकल आठवते का रे?”

मी खोटे बोललो होतो का? प्रतिकूल परिस्थिती खरी होती. आपल्या समाजाच्या तोंडावर येणारा वारा काल्पनिक नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने तो आकड्यांत मांडून दाखवला, आणि वारा मोजणे म्हणजे रडगाणे नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. घराबाहेर तोंडावर वारा झेलणाऱ्या माणसाच्या पाठीवर घरात वारा असू शकतो. बाहेरचा वारा आपण भाषणात सांगतो. घरातला आपल्याला जाणवतच नाही, कारण तो आपल्या बाजूचा असतो.

कोणी म्हणेल, आपाने ते प्रेमाने केले, त्यात देणे-घेणे कसले? पण प्रेमाने केले हे तिचे मोठेपण झाले. तिच्यापुढे दुसरा रस्ता कोणी ठेवलाच नव्हता. सायकल कोणाला आणि बिड्या कोणाला, हे कोणी ठरवले असेही नाही. ते जणू आधीच ठरलेले होते.

नेदरलँड्समध्ये २०१३ पासून समुद्रावरच्या एका लांब बंधाऱ्यावर वादळी वाऱ्याविरुद्ध सायकल शर्यत होते. साडेआठ किलोमीटर अंतर आणि सर्वांना एकसारखी, बिनागिअरची साधी सायकल. वारा सर्वांना सारखा, सायकलही सारखी. म्हणून तिथे पहिल्या आलेल्याने ‘स्वतःच्या बळावर’ म्हटले तर शोभते. एकाच घरातल्या दोन मुलांना आपण तेवढेही सारखे देत नाही.

मग हे देणे फेडायचे कसे? इथे सायकलचा हिशेब फार कठोर आहे. वारा नसता तर जाऊन-येऊन माझे सात तास लागले असते. ते सात तास जातानाच संपले. परतताना पाठीवर कितीही वारा असता, अगदी क्षणात घरी पोचलो असतो, तरी गमावलेला वेळ भरून निघाला नसता. आता मी आपाला ईदला कपडे घेतो, औषधपाण्याचे बघतो. ते करायलाच हवे. पण तेराव्या वर्षी सुटलेली शाळा सत्तावन्नाव्या वर्षी परत देता येत नाही. काही देणी ज्याची त्याला फेडता येत नाहीत.

म्हणून हात झटकून बसायचे का? लांब पल्ल्याचे सायकलवाले वाऱ्यात एकामागे एक चालतात. पुढचा हवा फोडतो आणि मागच्याचे कष्ट बरेच हलके होतात. काही वेळाने पुढचा मागे येतो आणि मागचा पुढे जातो. मागे राहण्यात लाज नाही. लाज आहे ती आपली पाळी आल्यावरही मागेच राहण्यात. आपा पुढे होती तेव्हा मी तिच्या आडोशाने आलो. तिची पाळी तशी मला तिला परत देता येणार नाही, पण तिच्या मागून येणाऱ्यांसाठी मला पुढे जाता येईल.

आपाची नात यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगसाठी पुण्याला जायचे आहे. ‘मुलगी एवढ्या लांब कशी राहणार’ अशी कुरकुर घरात सुरू झाली आहे. अशा बैठकीत मी आजवर ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणून चहा पीत बसत आलो. या वेळी सगळ्यांत आधी मी बोलणार आहे. नाराजीचा पहिला झोत कोणाच्या तरी अंगावर येणारच, तो माझ्या अंगावर येऊ दे.