मधली भिंत

बेलापूर बुद्रुकच्या पेठेत एक जुना वाडा होता. वडलांच्या पिढीत वाटणी झाली तेव्हा त्याची दोन घरे झाली आणि मधोमध एक भिंत उरली. खाली दगडी पाया, वर पांढऱ्या मातीचे हातभर जाडीचे बांधकाम. वाटणीपत्रात ती 'सामाईक' लिहिली गेली. सामाईक भिंत लिंपायची वेळ आली की ती कुणाचीच नसते आणि भांडायची वेळ आली की दोघांचीही असते.

भिंतीच्या पूर्वेला तात्या राहत, पश्चिमेला त्यांचे चुलतभाऊ अण्णा. तात्यांनी सारी नोकरी पाटकरी म्हणून प्रवरेच्या डाव्या कालव्यावर काढली. आता त्यांना गुडघे साथ देत नाहीत, ओसरीवर बसून असतात. घर चालवतो मुलगा, त्याला सगळे दादा म्हणतात. सूनबाई आहेत आणि दहावीतली एक नात आहे.

मधल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे ओल दिसली ती दिवाळीच्या साफसफाईत. हाताएवढा डाग, वर पांढरा पिठूळ लोणा. दादाने तो खरवडून रंग मारला. पुढच्या वर्षी डाग परातीएवढा झाला, तेव्हा श्रीरामपूरहून ओल रोखणारा महागाचा रंग आणला. तिसऱ्या वर्षी गवंडी बोलावून कमरेपर्यंत चकचकीत टाइल्स ठोकून घेतल्या. सहा महिन्यांत ओल टाइल्सच्या वर चढून बाहेर आली. भिंतीतल्या पाण्याला सुकायला खालची वाट बंद केली की ते वरची धरते. दादाने पैसे खर्चून ओलीला दीड हात उंच केले होते.

मग साहजिकच अण्णांची मोरी आठवली. भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच बाजूला, अण्णांनी काही वर्षांपूर्वी न्हाणीघर बांधले होते.

"अण्णाकाका, तुमची मोरी झिरपतीय. माझं घर पाडाल एक दिवस," दादा म्हणाला.

अण्णा गप्प राहिले. त्यांचे ते गप्प राहणे दादाला कबुलीसारखे वाटले. बोलाचाली झाली, बायकांचे कोथिंबीर-मिरचीचे देणेघेणे थांबले, आणि दादाने गावच्या तंटामुक्ती समितीकडे अर्ज टाकला. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून बांधाचे, वाटेचे, सांडपाण्याचे किती तरी वाद अशा समित्यांपुढे गेले आहेत. हा त्यांतलाच एक.

समितीची माणसे आली. भिंतीला हात लावला, वास घेतला, दोन्ही घरी चहा प्याली. ओल तर उघड दिसत होती, पलीकडे मोरीही उघड दिसत होती. निकाल लिहायला कुणी वही उघडली, तेवढ्यात अध्यक्षांचे लक्ष ओसरीकडे गेले.

"तात्या, तुम्ही काहीच बोलत नाही?"

"विचारलं कुणी?" तात्या म्हणाले. "पंधरा दिवस द्या. तोवर काही लिहू नका."

दादा वैतागला. "तात्या, पाणी कुठून येतंय ते दिसतंय की!"

"दिसतंय ते पाणी कुठं निघतंय ते. येतंय कुठून ते नाही दिसत. स्टेशनच्या पाटीवर बेलापूर लिहिलंय म्हणून तिथं उतरलेला माणूस बेलापुरात पोचतो का? श्रीरामपुरात उतरतो बिचारा, आणि तिथनं पुढं गाडी शोधतो."

तात्यांच्या या बोलण्यामागे उभा जन्म होता. भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले, १९२६ साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी ही काळी जमीन भिजू लागली. ऊस आला, साखर आली. आणि काही वर्षांतच शिवारांच्या सखल तुकड्यांत पांढरा खार फुटायला लागला. नीरेच्या खोऱ्यात तेच आधी घडले होते. ज्याचे रान खारावले तो पाटाला शिव्या देई. पाट पाझरतही होता, ते खोटे नव्हते. पण वरच्या अंगाला उसाला गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणीही जमिनीखालून सरकत सरकत खालच्या रानात वर येई, तिथे उन्हाने सुके आणि जमिनीतले क्षार मागे टाकून जाई. भिंतीवरचा लोणा हा त्याच कुळातला. पाणी उडून जाते, मीठ राहते. पाटकऱ्याला दुसरीही गोष्ट ठाऊक असते. पाटाच्या भरावातून पाझर निघाला तर त्याच्या तोंडावर माती लोटून उपयोग नसतो. आतल्या बाजूला खेकड्याचे बीळ कुठे आहे ते हुडकावे लागते, आणि ते समोरासमोर कधीच नसते.

तात्यांनी पहिल्यांदा काय केले असेल तर त्या भिंतीवरचा विजेचा बोर्ड बंद करायला लावला. सूनबाई म्हणाल्या, "बटन दाबताना मुंग्या येतात म्हणून मी केव्हाची सांगतीय." ओल्या भिंतीतला बोर्ड हे गळतीतले सगळ्यांत मोठे भय, पोपडे, बुरशी, रंग हे सगळे त्याच्या नंतर. वायरमन बोलावून ती लाइन तोडली. कोठी सरकवली, तर तळाच्या पोत्यातल्या बाजरीला जाळी धरलेली.

मग त्यांनी नातीला पेन्सिल घेऊन ओलीच्या कडेने रेघ ओढायला आणि शेजारी तारीख घालायला सांगितले. महिना वैशाखाचा होता. पाऊस नाही, पाटाला आवर्तनही नाही. तरीही चार दिवसांत ओल रेघेच्या बाहेर गेली. म्हणजे माळवदाचा दोष नव्हता आणि जमिनीखालची पातळी वर आल्याचाही नव्हता. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या बुडाशी लांबलचक पट्ट्यासारखी पसरते. ही एका कोपऱ्यात दाट होती आणि पुढे विरळ होत गेली होती.

अण्णांना तात्यांनी एकच मागितले. "दोन दिवस मोरी वापरू नको. आंघोळ आमच्याकडं कर."

अण्णा आले, दोन दिवस दादाच्या न्हाणीघरात आंघोळ केली. दादाला ते फार जड गेले. मोरी कोरडी ठणठणीत पडली आणि भिंतीवरची रेघ पुन्हा ओलांडली गेली.

आता घराकडे वळायचे होते. ग्रामपंचायतीच्या नळाला मीटर नव्हते, त्यामुळे आकडा बघून गळती कळण्याची सोय नव्हती. तात्यांनी नातीला गच्चीवर पाठवले. रात्री दहाला सगळे नळ बंद, टाकीत काठी बुडवून पाण्याच्या पातळीवर खूण. पहाटे पाचला, कुणी नळ उघडायच्या आत, पुन्हा काठी. पाणी सात सेंटिमीटर उतरले होते.

"सात म्हणजे किती गं?"

नातीने टाकीला दोरी गुंडाळून परीघ मोजला, त्रिज्या काढली, वहीत गुणाकार केला. एका सेंटिमीटरला साडेनऊ लिटरच्या आसपास, सातांचे सहासष्ट. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे या घरात एक जादा माणूस रोज रात्री न दिसता पाणी वापरून जात होता.

"तरीच," सूनबाई म्हणाल्या, "वर्षभर मोटर दोनदा लावावी लागतीय. मी सांगितलं तर म्हणाले, तूच जास्त पाणी वापरतीस."

दादाने मान खाली घातली. मला विचाराल तर या गोष्टीतला पहिला पुरावा तोच होता, आणि तो रोज सकाळी मोठ्याने बोलून दाखवला जात होता.

संडासाच्या फ्लशच्या टाकीत तात्यांनी कपड्यांची थोडी नीळ टाकायला लावली आणि अर्धा तास कुणी आत जायचे नाही असे सांगितले. भांड्यात निळी रेघ उतरलेली दिसली. आतले रबर झिजले होते. पाणी आवाज न करता जात होते. रबर बदलले. त्या रात्री काठी सातऐवजी चारवर आली. दादा खूश झाला. त्याच्या मते चोर सापडला होता.

"एक सापडला," तात्या म्हणाले. "संडासाचं पाणी सेप्टिक टाकीत जातंय. भिंत त्यानं कशी ओली होईल?"

पुढच्या रात्री टाकीच्या तोंडाशीच चावी बंद केली. पातळी जागची हलली नाही. टाकी निर्दोष सुटली. नंतर मागच्या न्हाणीघराची चावी बंद ठेवून फक्त स्वयंपाकघराची लाइन चालू ठेवली. पाणी पुन्हा चार सेंटिमीटर उतरले. स्वयंपाकघर मधल्या भिंतीपासून पार दुसऱ्या टोकाला होते. म्हणून तर तिकडे आजवर कुणी पाहिले नव्हते.

रात्री गल्ली निजल्यावर तात्या नातीच्या खांद्याला धरून स्वयंपाकघरात अनवाणी फिरले. ओट्याच्या डावीकडच्या दोन फरश्या पायाला गार लागल्या. काठीने ठोकल्या तर बद्द वाजल्या. नातीने फरशीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून त्याच्या बुडाला कान लावला.

"आजोबा, सूं असं येतंय."

सकाळी प्लंबरने एक फरशी उचलली. खाली जुना लोखंडी पाइप आणि नवा प्लास्टिकचा पाइप जिथे जोडला होता तिथून पाणी बारीक फवाऱ्यासारखे उडत होते. ओटा नवा केला तेव्हाचे हे काम. त्या वेळी तात्या म्हणाले होते की फरशी बसवायच्या आधी लाइन भरून, पंपाने दाब देऊन एक रात्र ठेवा. दादाला गृहप्रवेशाची तारीख गाठायची होती.

फरशीखाली मुरमाचा भराव होता आणि त्याखाली काळी माती. काळ्या मातीत पाणी चटकन मुरत नाही, ते मुरमातून उताराला लागते. घराचा उतार मधल्या भिंतीकडे. तिथे पोचल्यावर मातीच्या भिंतीने ते टिपकागदासारखे वर ओढले. वाटेत काळी माती फुगली होती. स्वयंपाकघराचे दार वर्षभर घासत होते आणि चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती, ती याचीच. भेगेत दादाने सिमेंट भरले होते.

अण्णांच्या बाजूची कहाणी नंतर कळली. त्यांच्या घरातही ओल आली होती, चौकटीला वाळवी लागली होती. दादाने बोट दाखवल्यावर त्यांना वाटले, आपल्याच मोरीचे पाणी असणार. गाजावाजा न करता त्यांनी मोरी दोनदा फोडून बांधली होती. खर्च कुणाला सांगितला नव्हता.

"बोलला का नाहीस?" तात्यांनी विचारले.

"दादा एवढं छातीठोक बोलत होता, मला माझंच खरं वाटेना."

दादाला खुर्चीत बसवेना. तो उठून अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, "असू दे रे. मोरी तेवढी झकास झाली."

भिंत नीट व्हायला मात्र घाई चालली नाही. टाइल्स काढल्या, सिमेंटचा गिलावा खरवडला, लोणा कोरड्या ब्रशने झाडला. तो पाण्याने धुतला असता तर विरघळून पुन्हा आत गेला असता. नंतर भिंत तशीच उघडी ठेवली. पाऊस गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. पाहुणे आले की सूनबाईंना ती उघडी भिंत बघून लाज वाटे. पुढच्या उन्हाळ्यात, पेन्सिलच्या रेघा कोरड्या पडल्यावर, दोन्ही बाजूंनी चुन्याचा गिलावा केला. मातीच्या भिंतीला तो श्वास घेऊ देतो. स्वयंपाकघराची लाइन जमिनीतून काढून बाहेरच्या भिंतीवर उघडी घेतली. दिसायला ती चांगली दिसत नाही, पण गळली तर त्याच दिवशी दिसेल. टाकीचा ओव्हरफ्लोही परसातून काढून पुढच्या अंगणात, दाराशीच आणला. नात आता महिन्यातून एकदा काठी घालते आणि वहीत आकडा लिहिते.

समितीच्या वहीतला निकाल चार ओळींचा आहे. गळती अर्जदाराच्या घरात आढळली. अर्ज निकाली. अण्णांच्या चौकटीचा आणि गिलाव्याचा खर्च अर्जदाराने द्यायचा. नव्या जोडाला काही शे रुपये लागले. भिंत, चौकट, फरशी, बाजरी आणि दोन दिवाळ्यांचा रंग यांची बेरीज दादाने केली, पण कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर अध्यक्षांनी एक रीत घालून दिली. शेजाऱ्यामुळे ओल येते असा अर्ज कुणी आणला की ते तो परत देतात आणि सांगतात, आधी स्वतःच्या टाकीचे रात्री दहाचे आणि पहाटे पाचचे माप जोडून आणा. बरेचसे अर्ज पुन्हा येतच नाहीत.