शिफारस आणि वशिला

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे आहे. भोवती कपाशीची काळी जमीन, टिपेश्वरचे जंगल आणि कोलामांचे पोड. या मुलखाचा जितका अभ्यास झाला तितका महाराष्ट्रातील फार थोड्या भागांचा झाला असेल. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणे शोधली. पुढल्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने आपला अहवाल राज्य शासनाला दिला. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, आणि मग त्या योजनेचे काय झाले याचाही अभ्यास सुरू झाला.

अशा पाहण्यांत घरोघर फिरून प्रश्नावली भरणारी मुले बहुधा स्थानिक असतात. त्यांना दिवसाची मजुरी मिळते, आणि अहवालाच्या आरंभी ‘स्थानिक कार्यकर्त्यांचे आभार’ या एका ओळीत ती सारी मावतात. माझ्या शेवटच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याने पदवीनंतर दोन हंगाम हे काम केले. एके दिवशी तो घरी आला. पुण्यातील एका धोरण-संशोधन संस्थेत साहाय्यकाची जागा होती, आणि अर्जासोबत दोन जाणत्या व्यक्तींची पत्रे हवी होती. मी लगेच होकार दिला नाही. तेव्हा तो म्हणाला, “सर, सवाल आमच्या घरचा, जवाब माह्या बापाचा, मंग लिहाले मी काऊन नाही?”

माझा संकोच पत्र लिहिण्याच्या श्रमाचा नव्हता. आपल्या धर्मग्रामांत चिठ्ठी ही जुनीच गोष्ट आहे. फादरांची चिठ्ठी घेऊन एखाद्या शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला लागलेला मनुष्य बहुतेक कुटुंबांत सापडेल. त्या चिठ्ठ्यांनी पुष्कळ घरे सावरली. परंतु जो दुसरा उमेदवार चिठ्ठीविना आला आणि रिकाम्या हाताने परतला, त्याच्या घरात त्या दिवशी काय घडले असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. म्हणून मी तरुणपणीच निश्चय केला होता की कोणासाठी शब्द टाकायचा नाही. या निश्चयाचा मला थोडा अभिमानही होता.

तो अभिमान खोटा होता. काही वर्षांपूर्वी एका मित्राची मुलगी अशाच एका संस्थेत जाऊ इच्छीत होती. तिला मी चिठ्ठी दिली नाही. मात्र तिचा अर्ज तीन वेळा वाचला, कोणते वाक्य गाळावे ते सांगितले, मुलाखतीत काय विचारतील याची तासभर तयारी करून घेतली, आणि तेथील एका परिचिताशी चहाच्या निमित्ताने तिची गाठ घालून दिली. तिला जागा मिळाली. ती गुणी होती यात शंका नाही. पण मी जे केले त्याला माझ्या मनात ‘मार्गदर्शन’ असे नाव होते, आणि या मुलाने तोंड उघडून एक पत्र मागितले तेव्हा मात्र मला ‘वशिला’ हा शब्द आठवला. ज्यांच्या घरी प्राध्यापक काका आणि अधिकारी मावशी असतात त्यांना मागावेच लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आता कोणी म्हणेल, एका मुलाला त्या टेबलाशी बसवून काय होणार? अहवाल तर कपाटात पडतात. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. तरी २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीचे उदाहरण पाहा. दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकर जमीन असलेल्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असलेल्याला, उरलेली रक्कम भरली तर, चौथाई सूट होती. कागदावर हे न्यायाचेच दिसते. लहान तो गरीब, मोठा तो सधन. पण जेथे आकाशातले पाणी हेच काय ते पाणी, तेथे सात एकरांचा धनी बागायतीतल्या दोन एकरवाल्याहून दरिद्री असतो. कोरडवाहू जिल्ह्यांसाठी थोडी अधिक सवलत मागाहून जोडावी लागली. या विद्यार्थ्याच्या वडिलांची जमीन सात एकर आहे. पाच एकरांची ती रेषा कोणा दुष्ट माणसाने ओढली असे मी मानीत नाही. रेषा ओढली जात होती त्या टेबलाशी सात एकर कोरडवाहू जमिनीवर वाढलेले कोणी बसलेले नसावे, असे मात्र मला वाटते.

आणि सारेच अहवाल कपाटात पडत नाहीत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचे बालपण नागपुरात गेले होते. त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. पुढे दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये विभागवार हिशेब करून दाखवला, आणि ‘अनुशेष’ हा जड शब्द विदर्भातल्या पानटपरीवरही बोलला जाऊ लागला. अनुशेष भरला गेला का, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण गाऱ्हाणे आकड्यांत मांडता आले, तेव्हा त्याला उत्तर देणे शासनाला भाग पडले. आपल्या ख्रिस्तसभेलाही हे काम परके नाही. दिल्लीची इंडियन सोशल इन्स्टिट्यूट ही येशूसंघीयांनी १९५१ साली उभारली ती सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठीच.

मग शिफारस कोणती आणि वशिला कोणता? मला उमगलेला भेद असा. शिफारशीत मी जे ठाऊक आहे ते खरे सांगतो आणि निर्णय दुसऱ्यावर सोडतो. वशिल्यात मी माझे वजन टाकतो. शिफारस दुसऱ्या उमेदवाराच्या देखतही वाचून दाखवता येते. याहून एक पाऊल पुढे गेलेले काम यवतमाळातच पाहावयास मिळते. शेतकरी कुटुंबातून आलेल्या राजू केंद्रे यांनी २०१७ साली सुरू केलेली ‘एकलव्य’ ही संस्था घरात प्रथमच शिकणाऱ्या मुलांना नामवंत विद्यापीठांचे आणि फेलोशिपचे अर्ज कसे करावेत हे शिकवते. मित्राच्या मुलीला मी जे बंद खोलीत दिले तेच येथे कार्यशाळा भरवून उघडपणे दिले जाते.

मदतीचा मोह मात्र धोक्याचाही असतो. या मुलाच्या वडिलांची इच्छा त्याने तलाठी व्हावे अशी आहे, आणि मी त्यांना मूर्ख समजत नाही. सरकारी नोकरीत निवृत्तीपर्यंतची शाश्वती असते. अशा संस्थांत बहुधा प्रकल्पापुरता करार असतो. पहिले काही महिने तर अनेकदा बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर शिकण्याचे असतात, आणि ते महिने ज्याला परवडतात तोच पुढे टिकतो. खासदारांच्या हाताखाली तरुणांना वर्षभर काम देणाऱ्या लॅम्प फेलोशिपला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे; शेतीसाठी दोन वर्षे घरी थांबलेल्याची तीच दोन वर्षे हुकतात. हे सारे मी त्याला सांगितले. आणखी एक सांगितले: तेथे तुला नेहमी यवतमाळविषयीच विचारतील, जणू तू दुःखाचा वकील म्हणून आला आहेस. तुला मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा किंवा शेअर बाजाराचा अभ्यास करावासा वाटला तर तोही तुझा हक्क आहे.

तो हसला. मग खोलीचे भाडे आणि अनामत यांचा विषय निघाला, आणि खरा अडसर पत्राचा नव्हताच हे मला कळले. आमच्या ओळखीच्या तीन कुटुंबांनी मिळून चार महिन्यांचा खर्च उचलला, परतफेडीच्या बोलीवर. ती बोली त्यानेच घातली.

त्या रात्री मी पत्र लिहिले. दोन हंगामांत त्याने भरलेल्या प्रश्नावल्या मी पाहिल्या होत्या. खोडाखोड कोठे होती आणि का होती ते लिहिले. त्याचे इंग्रजी अद्याप कच्चे आहे हेही लिहिले, खोडले, आणि पुन्हा लिहिले. सकाळी ते पाकिटात घालण्यापूर्वी त्याला वाचून दाखवले. इंग्रजीच्या वाक्यापाशी तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “राहू द्या सर, खरंच हाय.”