कमळतळ्याची शांतता : एक नैतिक प्रश्न

शांत जलाशयाच्या चित्रातील शांतता नेमकी कोठे असते, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. भोवतालचे जग पेटलेले असताना शांततेची निर्मिती करणे म्हणजे वास्तवाकडे पाठ फिरवणे नव्हे काय, ही नैतिक शंका त्यात अनुस्यूत असते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने जिव्हेर्नी येथील आपल्या बागेतल्या कमळतळ्यावर आधारलेल्या भव्य चित्रफलकांचे काम १९१४ मध्ये हाती घेतले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ते चालू ठेवले. युद्धविरामाच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंतप्रधान क्लेमांसोला पत्र लिहून त्याने दोन फलक राष्ट्राला देऊ केले. पुढे ही देणगी वाढत गेली आणि १९२७ मध्ये, मोनेच्या निधनानंतर, पॅरिसच्या ओरांजरीत आठ रचना कायमच्या मांडल्या गेल्या.

या देणगीने पलायनवादाचा आक्षेप निकालात निघत नाही. कलावंताच्या हेतूवरून कलाकृतीचे नैतिक मूल्य ठरत नसते. ते रंगांच्या व्यवस्थेतच शोधावे लागते. मर्ढेकरांनी सौंदर्याचा आधार संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांत शोधला. त्या दृष्टीने पाहिल्यास येथील शांतता विरोध वगळून साधलेली दिसत नाही. 'मावळता सूर्य' या रचनेत गडद निळ्या-हिरव्या पाण्यावर पिवळा-तांबडा प्रकाश ज्वाळेसारखा पसरतो. 'वृक्षांची प्रतिबिंबे' या रचनेत जांभळट काळोख पाण्याला जवळजवळ गिळून टाकतो. क्षितिजरेषा कोठेच नाही, काठही क्वचितच जाणवतो. सुरक्षित अंतरावरून दृश्याचा उपभोग घेण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही.

शांतरसाच्या स्थायीभावाविषयीचा मतभेद येथे उपयुक्त ठरतो. मम्मटाने निर्वेद हा स्थायीभाव मानला, तर अभिनवगुप्ताने तत्त्वज्ञान. मोक्षविचाराचा संदर्भ क्षणभर बाजूला ठेवला, तर या भेदातून शांततेचे दोन प्रकार हाती येतात. निर्वेदजन्य शांतता जगाविषयी उदासीन करते. ज्ञानजन्य शांतता जग पाहणारी दृष्टी निवळवते. कमळतळ्याची शांतता दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, कारण तिच्यातील दाह आणि काळोख लपवलेले नाहीत.

अर्थात, या चित्रांनी कोणाचेही मरण टळले नाही, आणि तसा दावा त्यांच्या वतीने करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांची नैतिकता मर्यादित, पण खरी आहे : दुःखाचा विसर न पाडता स्थिरपणे पाहण्याचा अवकाश ती देतात. त्या अवकाशाचे काय करायचे, याचे उत्तर मात्र प्रेक्षकाला चित्राबाहेरच द्यावे लागते.