न उकळता उडणारे पाणी

झाशीजवळच्या बबीना छावणीच्या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दिवसभर लू वाहते, आणि तरीही सावलीतल्या माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार असते. वाफ व्हायला उष्णता लागते, हे आपण शाळेतच शिकतो. मग चुलीवर न चढलेल्या पाण्याची वाफ होते कशी, आणि ती होताना मागे उरलेले पाणी निवते का? अवस्थांतराविषयीच्या विचाराला खरे वळण मिळाले ते ‘पदार्थ काय बनला’ एवढ्यावर न थांबता ‘उष्णता किती आणि कुठे गेली’ हे माणसाने विचारले तेव्हा, असे माझे मत आहे.

वैशेषिकांनी द्रवत्वाचे दोन प्रकार मानले होते. पाण्याचे द्रवत्व उपजत. तूप, लाख, मेण यांचे मात्र अग्नीच्या संयोगाने आलेले. पाणी थिजते आणि वितळते, तेही तेजाच्याच संयोगाने, असे त्यांचे म्हणणे. तूप आणि मेण एका गटात घालणाऱ्यांची नजर बारीक होती, तेव्हा याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. उणीव होती ती मोजमापाची. ते काम १७६० च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी केले. वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिले तरी तो पुरता वितळेपर्यंत तापमान हलत नाही, हे त्यांनी दाखवले. तीच अप्रकट उष्णता: १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी, उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४०, आणि माठातल्या पाण्याला त्याहूनही थोड्या जास्त, साधारण ५८०. चूल नसल्यामुळे ही उष्णता मुख्यतः पाण्यातूनच काढली जाते. बाहेरून काहीच उष्णता आत आली नाही असे धरले, तर १० लिटर पाणी १० अंशांनी निववायला जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम पाणी उडाले तरी पुरते. ते उडते कसे, याचे उत्तर १८५७ मध्ये क्लॉसियस यांनी दिले: सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नाहीत, पृष्ठभागावरचे वेगवान रेणू निसटतात आणि मागे संथ उरतात.

यावर कुणी म्हणेल, मातीच मुळात थंड असते. तसे असते तर आतून-बाहेरून चकाकी दिलेल्या बरणीतही पाणी गार झाले असते आणि छिद्रे बुजलेला जुना माठ बदलावा लागला नसता. पावसाळ्यात तोच माठ निकामी वाटतो, कारण दमट हवेतून जवळजवळ तितकेच रेणू परत येतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादची बर्फ करण्याची रीत लिहून ठेवली. हिवाळ्यात उथळ खड्ड्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरून त्यांवर मातीच्या पसरट थाळ्या मांडत, तिन्हीसांजेला त्यांत पाणी ओतत आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करत. हे बाष्पीभवनाचेच काम म्हणावे, तर वाऱ्याने बर्फ वाढायला हवा; प्रत्यक्षात तो निवांत, निरभ्र रात्रीच चांगला जमे. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये हा पेच सोडवला. गोठणारे पाणी ग्रॅममागे ८० कॅलरी बाहेर टाकते. त्यांतला मोठा वाटा प्रारणाने उघड्या आकाशाकडे जातो, आणि वारा सुटला की उबदार हवा ती तूट भरून काढते. खालची ताटे कोरडीच लागत, कारण ओली झाली की जमिनीची ऊब त्यांतून थाळीपर्यंत चढते.