उपवासाच्या दिवसांत येणारा सण



रायपूरचे कॅथेड्रल संत योसेफांच्या नावाचे आहे. त्यांचा सण १९ मार्चला, म्हणजे दरवर्षी प्रायश्चित्तकाळातच येतो. मग त्या दिवशी उपवास करावा की सण?

ख्रिस्तसभेची शिकवण पाहा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले ६ रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की ४० उरतात. उपवासाचे बंधन दोनच दिवस असते, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ ते ५९ वर्षांच्या निरोगी व्यक्तीने त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यावे. शुक्रवारी मांस वर्ज्य असते, पण त्याच दिवशी महासण आला तर ते बंधन राहत नाही. २०२७ मध्ये संत योसेफांचा सण शुक्रवारीच आहे.

कोणी म्हणेल, "मी सणालाही काही सोडणार नाही, माझी भक्ती पक्की!" सावध राहा. उपवास देवासाठी असेल, तर देवाच्या घरी आनंद असताना पानावर बसणे हेही आज्ञापालनच आहे. सण आड येतो तो फक्त आपल्या अहंकाराच्या.

उलट बाजूही आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी! शुक्रवारी मटण टाळून महागडे पापलेट आणले, तर नियम पाळला गेला. पण आपल्याला भूक कळली नाही आणि भुकेल्यालाही काही मिळाले नाही.

संत योसेफांकडे पाहा. शुभवर्तमानात त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्यांनी सुतारकाम केले आणि बाळ येशूच्या मुखी घास घातला. आपला उपवासही असाच असावा. तो बोलू नये, कोणाला तरी जेवू घालावा. शुक्रवारी वाचलेले पैसे वेगळे ठेवा. प्रायश्चित्तकाळात कॅरितास इंडिया भूक आणि आजारांविरुद्ध मोहीम चालवते, तिला ते द्या. किंवा एखाद्या गरजू घरी गाजावाजा न करता धान्य पोहोचवा.

आणि १९ मार्चला आनंदाने जेवा, पण एक पान जास्त मांडा. ज्याच्या घरी उपवास ठरवून होत नाही, परिस्थितीमुळे होतो, त्याला त्या पानावर बोलवा. मग उपवास आणि सण एकमेकांच्या आड येणार नाहीत.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. आमेन.