पडलेल्याने उठावे कसे?

सज्जनहो, एका गावी जत्रेचे कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. आदल्या दिवशी कुस्त्यांच्या फडात पोरगा चीत झाला होता. तेव्हापासून धड जेवेना, तालमीचे तर तोंड पाहीना. बाप म्हणाला, "बुवा, जय-पराजय सारखे मानावेत असं गीतेत आहे ना? मग सांगा ह्याला, हरलं तर हरलं, त्यात काय एवढं!"

मला ते बोलणे खटकले. समत्व म्हणजे बेफिकिरी नव्हे. भगवंतांनी जय-पराजय समान मानायला सांगितले ते 'ऊठ, लढ' म्हणण्यासाठी. 'घरी जा' म्हणण्यासाठी नव्हे. हरल्याचे ज्याला काहीच वाटत नाही, त्याने त्या कामात मन घातलेच नव्हते. रडू आले तर येऊ द्यावे. खरा प्रश्न पुढचा. डाव हरला की मी हरलो? 'डाव हरला' म्हणणारा डाव सुधारतो. 'मी हरलो' म्हणणारा अहंकार कुरवाळीत बसतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. गडी लाल मातीत वाढलेला, आणि तिथली कुस्ती गादीवरची. सहावे आले. परतले ते पुन्हा मेहनतीला लागले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. लोकांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर आपले राहते घर गहाण टाकले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि ध्यानात घ्या, त्या स्पर्धेतही जपानच्या इशीने त्यांना हरवलेच होते! तेव्हा उठणे म्हणजे पुन्हा कधी न हरणे नव्हे.

बरे, उठावे ते त्याच फडात, असाही नेम नाही. तुकोबारायांचे दुष्काळात दिवाळे निघाले, घरची माणसे गेली. त्यांनी पुन्हा सावकारी मांडली नाही. आपल्या वाट्याची खतेच इंद्रायणीत बुडवली. ते उभे राहिले ते भजनात. पडण्याची जागा आपल्या हाती नसते. उठून कोठे उभे राहावे, एवढे मात्र असते.

हे सगळे मी त्या पोराला सांगितले नाही. एवढेच विचारले, "बाळा, काल कुठल्या डावाला चुकलास?" पोराने पहिल्यांदा मान वर केली. मग हातवारे करून सांगू लागला. पाय कुठे सुटला, पकड कुठे ढिली पडली, सगळे. बाप बघतच राहिला.

आपली चूक ज्याला सांगता आली, तो अर्धा उठलाच. उरलेला अर्धा उठवायला भोवतालचे चार हात लागतात. ते हात आपले असावेत, एवढीच विनंती.

रामकृष्णहरी!