कंकणाचा आवाज आणि विचारपूस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

दत्तजयंतीच्या आधी आपण सात दिवस गुरुचरित्राचे पारायण करतो. रोज किती अध्याय झाले याचा हिशेब चोख ठेवतो. पण हा सगळा ग्रंथ म्हणजे दोघांचे बोलणे आहे, हे मात्र लक्षातून निसटते. नामधारक विचारत राहिला म्हणून सिद्धमुनी सांगत राहिले. भागवताच्या एकादश स्कंधातही तेच. अवधूताने आपले चोवीस गुरू आपण होऊन सांगितले नाहीत. यदुराजाने आदराने विचारले, तेव्हा सांगितले.

यावर एखादे जाणकार आजोबा म्हणतील, "अहो, त्याच चोवीस गुरूंत कुमारिकेची कंकणे आहेत. पुष्कळ असली की खणखणाट, दोन असली तरी आवाज. म्हणजे एकटेच राहावे ना?"

शंका रास्त आहे. पण कथा नीट आठवा. घरी पाहुणे आलेले, मुलगी एकटी, त्यांच्या जेवणासाठी साळी कांडत होती. कंकणांच्या आवाजाचा संकोच वाटला म्हणून तिने ती उतरवत एकेकच ठेवले. पाहुण्यांसाठीचे कांडणे काही थांबवले नाही. थांबला तो खणखणाट. आणि त्यातून एकांत शिकलेला अवधूतसुद्धा यदुराजाने विचारल्यावर पाठ फिरवून गेला नाही. तेव्हा आपण संसारी माणसांनी कागाळ्या, टोमणे सोडावेत, विचारपूस सोडू नये.

गिरगाव-लालबागच्या चाळींत ही विचारपूस वेगळी करावी लागत नसे. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, दिवसभर उघडी दारे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि घरोघरचे पगार थांबले. तेव्हा 'आज भाजी काय केलीत?' एवढ्या साध्या प्रश्नावरून शेजारणीला सारे कळायचे. कुणी काही मागायचे नाही, पण झाकलेली वाटी यायची. मागणाऱ्याची लाज त्या बोलण्याने राखली.

आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. घर मोठे झाले, संडास घरात आला. म्हाताऱ्या माणसांना याचे केवढे सुख, ते नाकारू नये. पण दार बंद झाले आणि लिफ्टमध्ये जो तो मोबाईलकडे बघतो.

मी बँकेत कारकुनी केली. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला यायचे. सही दोन मिनिटांची, पण काही जण तासभर बाकावर बसायचे. गुडघा, सूनबाई, नातवाची परीक्षा, सगळे सांगायचे. एक आजी म्हणायच्या, "कागद काय रे, तू नावानं हाक मारलीस ना, तोच माझा दाखला." आता तो दाखला घरबसल्या मोबाईलवरूनही देता येतो. ज्यांना चालवत नाही त्यांची मोठी सोय झाली. पण 'जेवलात का?' हे कुणी विचारायचे?

म्हणून एक विनंती. या सप्ताहात रोजचे वाचन झाले, आरती झाली, की प्रसादाची वाटी घेऊन आपल्याच मजल्यावरचे एक बंद दार वाजवा. प्रसाद देऊन लगेच परतू नका, पाच मिनिटे बसा. उपदेश करू नका, नामधारकासारखे विचारा आणि ऐका. आपल्या दत्तगुरूंनी दारोदार भिक्षा मागितली, ती काय नुसत्या धान्यासाठी?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!